मोत्यासारखंच पिल्लू

आज दवाखान्यात तीन महिन्यांचं गावठी पिल्लू आलं. पार्व्हो, कुत्र्यांना होणारा विषाणूचा आजार. रक्ताची हगवण, डोळे खोल गेलेले. पुढच्या पायाची शीर सापडेना. दुसऱ्यांदा टोचल्यावर लागलं एकदाचं सलाईन. ताप बघितला तर ९९. कुत्र्याचा साधारण १०१ ते १०२.५ असतो, म्हणजे अंग गार पडत चाललेलं. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कुशीला लावल्या.

आमचा मोत्या असाच गेला, मी चौथीत असताना. आजी ताकभात भरवत राहिली. याची लस असते हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हाच ठरवलं होतं, हेच काम करायचं. “कुत्र्यांची नर्स?” म्हणून मावशी अजून हसते. हसू दे.

संध्याकाळी पिल्लाने माझा हातमोजा चावला. उद्या सकाळची ड्युटी मी मागून घेतलीय.