सड्यावरच्या तीन रात्री आणि सीसीडीवर साठलेला बर्फ

कोकणात दुर्बीण घेऊन जातोय म्हटल्यावर आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी मला वेड्यात काढलं. म्हणे, तिथल्या दमट हवेत काय दिसणार? घाटमाथ्यावर जा, कोरडी हवा आहे. त्यांचं फारसं चुकत नव्हतं. मृगातला तेजोमेघ किंवा देवयानी दीर्घिका टिपायची असेल तर कोकणात जायची काही गरज नाही. पण मला दक्षिणेचं क्षितिज हवं होतं. पुण्याच्या आसपास कुठेही गेलं तरी दक्षिणेला कुठल्या तरी गावाचा, एमआयडीसीचा किंवा हायवेचा पिवळा उजेड असतोच, आणि ओमेगा सेंटॉरी या तारागुच्छासारखी दक्षिणेची मंडळी नेमकी त्यातच बुडून जातात.

पुणे आणि विजयदुर्ग यांच्या अक्षांशात फक्त दोन अंशांचा फरक आहे. पुण्यातून ओमेगा सेंटॉरी जास्तीत जास्त २४ अंश वर येतो, विजयदुर्गहून २६. दोन अंशांसाठी कोणी घाट उतरत नाही. फरक पडतो तो खाली काय आहे त्याने. सिंधुदुर्गाचा किनारा दक्षिणेकडे जाताना थोडा पूर्वेला सरकत जातो. त्यामुळे विजयदुर्ग-गिर्ये भागातल्या सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, टोकावर उभं राहिलं की बरोबर दक्षिणेला नुसता समुद्र. देवगड आणि कुणकेश्वरचे दिवे दक्षिणेच्या जरा डावीकडे येतात. म्हणजे तारा मध्यमंडल (बरोबर दक्षिण-उत्तर जाणारी रेषा, जिथे तो सर्वांत उंच असतो) ओलांडून उजवीकडे कलला की त्याच्याखाली काळं पाणी. नकाशावर हे बघितलं आणि जायचं ठरवलं.

मी आणि माझा मावसभाऊ, एक छोटी गाडी, मागची सीट पाडलेली. सामान: ८० मिमीची अपोक्रोमॅट (रंग न फाकवणाऱ्या भिंगांची) दुर्बीण, नाभीय अंतर ४८० मिमी, ताऱ्यांबरोबर फिरणारं एचईक्यू-५ माउंट, ते नीट फिरतंय ना हे एका ताऱ्यावर तपासणारी छोटी गायडर दुर्बीण, आणि माझा म्हातारा कृष्णधवल सीसीडी कॅमेरा, केएएफ-८३०० सेन्सरवाला. सगळे आता सीमॉस या नव्या प्रकारच्या सेन्सरवर गेलेत, सोनीने तर सीसीडी बंद करायचा निर्णय २०१५ सालीच घेतला, पण माझा चालतोय तोवर चालतोय. ५.४ मायक्रॉनचे पिक्सेल, म्हणजे या दुर्बिणीवर एका पिक्सेलला २.३ विकला (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक विकला) आणि साधारण २.१ गुणिले १.६ अंशांचं आकाश. कोकणातल्या थरथरत्या हवेत याहून बारीक स्केल घेऊन काही हाती लागत नाही, त्यामुळे लांब नळीची दुर्बीण नेण्याच्या फंदात पडू नका.

रस्ता कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे आणि तिथून विजयदुर्ग. करूळ घाट चालू आहे की नाही हे निघायच्या आदल्या दिवशी कोणाला तरी फोन करून विचारा. कधी काम, कधी दरड. भुईबावड्याचा घाट पर्यायी आहे, पण अरुंद. फोंडाघाट त्यातल्या त्यात बरा. रेल्वेने येणाऱ्यांना वैभववाडी किंवा कणकवली. फक्त माउंटची वजनं घेऊन डब्यातून उतरायची हौस असली पाहिजे.

आता पहिली चूक. अमावास्या बघून तारीख काढली, पण पंचांग नीट वाचलं नाही. माघ वद्य चतुर्दशी म्हणजे महाशिवरात्र, म्हणजे कुणकेश्वरची जत्रा! अमावास्येच्या बरोबर आदल्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा गाड्यांची रांग, राहायला जागा नाही, आणि रात्री दक्षिणेच्या डावीकडे, मला नको होता तिथेच, जत्रेच्या दिव्यांचा फुगा. गिर्येच्या रामेश्वरालाही त्या दिवशी गर्दी असते. बरं, गर्दीबद्दल तक्रार करायला आपण कोण? पण फोटो काढायला जाणाऱ्याने माघातली अमावास्या धरायची तर अमावास्येच्या दुसऱ्या दिवसापासून पुढच्या रात्री धराव्यात. प्रतिपदा-द्वितीयेची कोर लवकर मावळते, तिचा काही त्रास नाही.

राहायला शेवटी एका आंब्याच्या कलमांच्या बागेतलं घर मिळालं. घरमालक काका सत्तरीचे. सामान उतरवताना त्यांनी दुर्बिणीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “ह्या कसला यंत्र? ह्येच्यातना काय गावता?” मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “रात्री सड्यार जातास, तर राखणदाराक सांगान जावा.” राखणदार म्हणजे जागेचं रक्षण करणारं दैवत. आम्ही नारळ ठेवला. ठेवायला काय जातं? आणि त्याच फेरीत सड्याची वाट, विहिरीचं कठडं नसलेलं तोंड आणि जमीन कोणाची हेही कळलं, जे नकाशावर कळलं नसतं.

ही दिवसाची फेरी चुकवू नका. सडा लांबून सपाट दिसतो, पण जांभ्यात खड्डे, चिरा आणि चिरेखाणीचे सरळ कापलेले कडे असतात. दुसरं म्हणजे कातळशिल्पं. कोकणातल्या सड्यांवरची ही शिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तरी कित्येक ठिकाणी ना कुंपण ना पाटी. गाडी कातळावर घालण्याआधी खाली काय कोरलेलं आहे ते उजेडात पाहून घ्या. तिसरं, फुरसं, विषारी साप. ते रात्रीच हिंडतं, दगडाच्या रंगाचं असतं आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. घोट्यापर्यंतचे बूट घाला. लाल दिवा कॅमेऱ्यापाशी. चालताना मात्र सरळ पांढरी बॅटरी मारा, डोळे पुन्हा अंधाराला सरावतील वीस मिनिटांत.

ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जेमतेम साडेसोळा अंशांवर. उत्तरेला माडाचं किंवा कलमाचं झाड आलं की संपलं, म्हणून जागा निवडताना आधी उत्तर बघा, मग दक्षिण. इतक्या खाली वातावरणाचं वक्रीभवन त्याला तीन कलांहून (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) थोडं जास्त उचलतं. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे नेमका लावण्याच्या, म्हणजे पोलर अलाइनमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये वक्रीभवनाची खूण असेल तर ती चालू करा. माउंटचा अक्ष इतका आडवा झाल्यावर काउंटरवेटची (तोल साधणाऱ्या वजनाची) दांडी उत्तरेकडच्या पायावर येते आणि वजन खाली असेल तर ते पायाला घासतं. मी वजन दांडीवर वर सरकवून आणखी एक छोटं वजन लावलं. घरी गॅलरीत एकदा दांडी पूर्ण फिरवून बघितली असती तर सड्यावर अंधारात हा खटाटोप करावा लागला नसता.

पहिल्या रात्री जत्रेच्या उजेडामुळे फार आशा नव्हतीच. संध्याकाळी खारे वारे आठ-साडेआठपर्यंत वाहत होते. मग पडले. ही मधली वेळ घातकी. वारा थांबतो, कातळ दिवसभराची ऊब सोडत असतो, तारे उकळल्यासारखे हलतात आणि उघड्या आकाशाकडे तोंड केलेली भिंग हवेपेक्षा गार होऊन तिच्यावर दव धरतं. मी दव दिसल्यावर हीटरचा पट्टा लावायचा असं ठरवलं होतं. साडेनऊला बघतो तर पुढची भिंग दुधाळ. एकदा भिजलेली भिंग सुकवायला तासभर गेला. हीटर सूर्यास्तालाच चालू करायचा, कमी ताकदीवर, आणि गायडरच्या दुर्बिणीलाही लावायचा. गायडरचा तारा हळूहळू मंद होत हरवला की आपण उगाच केबल तपासत बसतो. दहा-साडेदहानंतर मतलई वारे सुरू झाले, जमिनीकडून येणारे, त्यामानाने कोरडे. तिथून पुढे पहाटेपर्यंत आकाश खरोखर स्थिर होतं. कोकणातली कामाची रात्र तेव्हापासून सुरू होते असं समजा. आधीचा वेळ फोकस आणि जेवण यांना द्या.

सव्वाआठच्या सुमारास मोठा मॅगेलनिक मेघ, आपली शेजारची छोटी दीर्घिका, मध्यमंडलावर येतो, गणिताने जेमतेम चार अंशांवर. दुर्बिणीतून, नुसत्या डोळ्यांनी, सगळ्या बाजूंनी बघितलं. राखाडी धुरकटपणाशिवाय काही नाही. अगस्तीचा तारा मात्र वीस अंशांवर असा लखलखत होता की मावसभावाला ते विमान वाटलं.

दुसरी रात्र. बेत असा: दीडच्या सुमारास नौकातल तारकासमूहातला तेजोमेघ मध्यमंडलावर, मग ओमेगा सेंटॉरी ज्यात आहे त्या नरतुरंगाकडे. नौकातल फक्त १४ अंश वर येतो, म्हणजे डोक्यावरच्या मानाने चौपट जाडीच्या हवेतून बघायचं. एवढ्या खाली निळा प्रकाश जवळजवळ गाळला जातो आणि रंग एकमेकांपासून फाकतात. म्हणून रंगीत चित्राचा नाद सोडून फक्त हायड्रोजनचा लाल प्रकाश जाऊ देणारा एच-अल्फा फिल्टर लावला, ३०० सेकंदांच्या फ्रेम. तिसरी फ्रेम उघडली तर मधोमध एक धूसर डाग आणि त्याच्या कडेला तुषार उडाल्यासारखे ठिपके. दुर्बीण स्वच्छ. फिल्टर स्वच्छ. मग लक्षात आलं: सेन्सरवरच हिम धरलं होतं.

सीसीडी उणे १५ अंशांवर ठेवला होता, बाहेर २३. या कॅमेऱ्यांच्या बंद कप्प्यात ओलावा शोषणारी जेलची कुपी असते. ती पुण्यात दोन वर्षं बदलली नव्हती, आणि पुण्यात तिने कुरकूर केली नव्हती. कोकणच्या हवेत दुसऱ्याच रात्री तिने हात टेकले. थंडावा एकदम बंद करू नका, पायरीपायरीने शून्याच्या वर आणा, नाहीतर वितळलेलं पाणी सेन्सरवरच सुकून डाग ठेवतं. रात्र गेली ती गेलीच. सकाळी कुपी उघडली तर नारंगी दाणे हिरवे झालेले. काकूंच्या तव्यावर, घावन्यांचं काम आटोपल्यावर, मंद आचेवर ते तासभर परतले तेव्हा पुन्हा नारंगी झाले. काकू म्हणाल्या, साबुदाणा भाजल्यासारखा वास नाही येत. दाणे गरम असतानाच कुपीत घालून लगेच बंद करायचे. निघण्यापूर्वी घरीच ओव्हनमध्ये हे करून, एक जादा कुपी हवाबंद डब्यात घेतली असती तर दुसरी रात्र वाचली असती.

उरलेला दिवस विजयदुर्ग किल्ल्यावर. तिथे ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने इथून हेलियम शोधला अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, पण लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्या ग्रहणात सूर्याच्या उठावांचा (कडेबाहेर उसळणाऱ्या वायूच्या ज्वाळांचा) वर्णपट फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून घेतला, आणि लॉकियरने ऑक्टोबरमध्ये ग्रहण नसताना तीच किमया मायदेशातून केली. त्या वर्णपटातली पिवळी रेषा नव्या मूलद्रव्याची आहे हा तर्क त्याचा खरा. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं. शिवाय ऑगस्टात कोकणात ग्रहण बघायचं म्हणजे! मी मात्र ओट्यावर बराच वेळ बसलो. माझ्या फिल्टरमधून जाणारी हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची रेषा त्याच उठावांच्या वर्णपटात होती.

तिसऱ्या रात्री सेन्सर उणे ५ वरच ठेवला. या सेन्सरवर प्रकाश नसतानाही साठणारा खोटा संकेत (डार्क करंट) दर सहा-एक अंशांना दुप्पट होतो, म्हणजे दहा अंश सोडले तर तिपटीहून जास्त. चालतं. तो वजा करायला झाकण लावून काढलेल्या डार्क फ्रेम त्याच तापमानाच्या नव्याने घ्याव्या लागतात, त्या मी दुपारी खोलीत, कॅमेरा काकूंच्या स्टीलच्या डब्यात ठेवून घेतल्या.

नौकातलाच्या २० फ्रेम मिळाल्या. मग प्रश्न: ओमेगा सेंटॉरी की सेंटॉरस-ए ही दीर्घिका? दोघं आकाशात साडेचार अंशांच्या अंतरावर, मध्यमंडलावर एकाच वेळी, पहाटे सव्वाचारला. दोन्ही करू म्हणणारा दोन्हीकडून जातो. आमची एक रात्र बर्फात गेली होती, म्हणून ओमेगा. त्याला लांब फ्रेम लागत नाहीत. मधले तारे जळून जातात. ६० सेकंदांच्या ४० पांढऱ्या (रंगीत फिल्टरशिवाय) फ्रेम, मग एकेका रंगाच्या फिल्टरमधून रंग. रंगांचा क्रम महत्त्वाचा: निळा तो मध्यमंडलावर असताना, लाल शेवटी, तो खाली कलल्यावर. लाल प्रकाश जाड हवेतून बरा निभावतो. साडेतीनच्या सुमारास क्षितिजावर तीन-चार बोटींचे पांढरे झगमगाट उगवले. एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ सालीच बंदी घातली आहे. समुद्राला बहुधा कोणी कळवलेलं नाही. सुदैवाने त्या अजून पश्चिमेला होत्या. पावणेसहाला पूर्व उजळायला लागली. फ्लॅट, म्हणजे धूळ आणि कडेचा काळोख दुरुस्त करायला एकसारख्या उजेडात काढलेल्या फ्रेम, पहाटेच्या आकाशावर, दुर्बिणीवर पांढरा बनियन ताणून. यांत्रिक शटरवाल्या सीसीडीला फ्लॅट दोन सेकंदांहून लांब द्या, नाहीतर शटरच्या पात्याची सावली येते.

वीज: थंडावा, माउंट, हीटर आणि छोटा संगणक मिळून माझे पाच ते सहा अँपिअर जात होते. एका रात्रीला ५० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी पुरली, जेमतेम. घरी आल्यावर सगळे कनेक्टर आणि ट्रायपॉडचे स्क्रू कोरड्या फडक्याने पुसा. माझ्या एका यूएसबीच्या टोकावर आठवड्यात हिरवट थर आला. भिंग मात्र घासू नका, आधी फुंकणीने मीठ उडवा.

निघताना काकांना लॅपटॉपवर ओमेगा सेंटॉरीची एकच, कच्ची फ्रेम दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. “खसखस सांडली तशी दिसता.” मी सांगितलं की चैत्रातल्या अमावास्येला हाच गुच्छ मध्यरात्री वर येतो, पहाटेपर्यंत जागावं लागत नाही, तेव्हा परत येईन म्हणतो. ते म्हणाले, “चैतात येवा. पण तेवा आंबे तयार. आमच्यो बॅटऱ्यो रातभर कलमांत फिरतल्यो, मागे म्हणू नका सांगितला नाय.”