मोत्याची साखळी आणि दोन बोटं

पुरातून निघालेली मोटर घेऊन लोक येतात आणि पहिलं विचारतात, "चालू करून बघू का?" मी हात जोडतो. आधी उघडायची, गाळ धुवायचा, नीट वाळवायची, मेगर लावून इन्सुलेशन बघायचं आणि मगच करंट. आत ओल असताना करंट दिलात तर वाचली असती तीही जळते. तीस वर्षं चिपळूणात मोटर वाइंडिंग करतोय, हे मला कुणी शिकवायला नको. स्वतःच्या बाबतीत मात्र मी दोन वर्षं नेमका हाच गाढवपणा केला.

२२ जुलै २०२१. आमच्याकडे नुसतं 'पूर' म्हटलं तरी आता हीच तारीख. बायको मुलीकडे पुण्याला गेलेली, घरात मी आणि आई. पहाटे वाशिष्ठीचं पाणी गल्लीत आलं तेव्हा मी फारसा घाबरलो नव्हतो. २००५ च्या पुरात आमच्या घरी पाणी दुसऱ्या पायरीवर थांबलं होतं, ती खूण डोक्यात पक्की. दुकानातल्या चार मोटरी उचलून टेबलावर ठेवल्या, चहासुद्धा टाकला. चहा उकळेपर्यंत दुसरी पायरी गेली. मग आईला पाठुंगळी घेऊन माळ्यावर. मागच्या पडवीत मोत्या साखळीला बांधलेला होता.

तो किती वेळ भुंकत होता ते मी सांगणार नाही. मग आवाज थांबला. संध्याकाळी होडी येईपर्यंत आम्ही दोघं माळ्यावर बसून होतो. आईनं त्याचं नाव एकदाही काढलं नाही.

गावात लोकांची माणसं गेली होती, आयुष्याची कमाई गेली होती. तिथे कुत्र्यासाठी रडायचं कुणासमोर? शिवाय काम एवढं आलं की बोलायला फुरसत नव्हती. अख्ख्या चिपळूणच्या पंपांत गाळ. सहा महिने रोज एक मोटर उघडायची आणि त्यातून तोच वास, चिखल आणि डिझेलचा. पैसे मिळाले, खोटं कशाला बोलू. पण रात्री झोप नाही. शेजाऱ्यांची टाकी भरून वाहायला लागली की काळीज धडधडायचं. पाऊस असला की रात्री तीनदा उठून बॅटरी घेऊन पायऱ्या बघायच्या. कुणाच्या दारात साखळी खळखळली की मी वाट बदलायचो. बायकोवर खेकसायचो, तेही भाजीत मीठ कमी म्हणून. छातीत दुखतं म्हणून ईसीजी काढला, तो अगदी नॉर्मल.

शेवटी मुलीनं हट्टानं पुण्याला नेलं. कुंभार्ली घाटातून कराडमार्गे एसटीनं, महिन्यातून दोनदा. समुपदेशक बाई माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्या मला काका म्हणायच्या, मी त्यांना मॅडम. त्यांनी सांगितलं, आपण ईएमडीआर करू. पूर्ण नाव आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग. मनात तो प्रसंग धरायचा आणि त्यांची बोटं हलतील तशी डोळ्यांनी बघायची. मी मनात म्हटलं, म्हणजे दृष्ट काढण्यातलाच प्रकार, फक्त मीठमोहरी नाही.

पण पहिले तीन वेळा बोट हललंच नाही. नुसत्या गप्पा, झोपेची चौकशी, घाबरल्यावर स्वतःला सावरायचं कसं याचा सराव. मनातली एक सुरक्षित जागा शोधायला सांगितली. म्हणाल्या, बरेच जण समुद्रकिनारा निवडतात. मी म्हटलं, मॅडम, पाण्याचं नाव नको. शेवटी मी माझं दुकानातलं टेबल निवडलं. दुपारची वेळ, ताज्या वार्निशचा वास, हातात तांब्याची तार. तिसऱ्या दिवशी मी वैतागून विचारलं, खरं काम कधी सुरू होणार? त्या म्हणाल्या, "काका, हेच सुरू आहे." एसटीत बसल्यावर डोक्यात आलं, अरे, ही बाई मला आधी वाळवतेय.

चौथ्या वेळी खुर्च्या थोड्या तिरक्या, गुडघ्याला गुडघा लागणार नाही अशा मांडल्या. सगळ्यात वाईट क्षण कोणता? म्हटलं, आवाज थांबला तो. त्या क्षणी स्वतःबद्दल काय वाटतं? नालायक. त्याऐवजी काय वाटलं तर बरं होईल? सुचलं नाही. शून्य ते दहामध्ये त्रास किती? नऊ. शरीरात कुठे जाणवतं? उजव्या मनगटात. हे माझ्या तोंडून कसं निघालं, मलाच कळलं नाही.

मग दोन बोटं. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे, बऱ्यापैकी वेगात, साधारण अर्धा मिनिट. थांबा, श्वास घ्या, आता काय आलं? काही नाही. बरं, पुन्हा. दुसऱ्या फेरीत डिझेलचा वास आला. तिसऱ्या फेरीत लाल बादली दिसली, माजघरातून तरंगत बाहेर निघालेली, जी मला दोन वर्षांत कधी आठवली नव्हती. मग आईचा आवाज: अरे, माझा चष्मा. मग जिना. उजव्या हातात जिन्याचा कठडा, एवढा गच्च की मनगट पिळवटलेलं. डावा हात मागे, आईच्या पायाखाली. पाणी कमरेला.

मी म्हटलं, "मॅडम, माझे हात मोकळे नव्हते."

त्या एवढंच म्हणाल्या, "त्याच्याबरोबर राहा," आणि बोटं परत सुरू.

दोन वर्षं माझ्या डोक्यात जे चित्र होतं त्यात आई नव्हतीच. मी एकटा जिन्यात उभा, रिकामे हात लोंबकळत, नुसता ऐकतोय. त्या दिवशी मी पुण्यातल्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत मोठ्यानं रडलो, बाहेर मुलीला ऐकू गेलं. त्रासाचा आकडा लगेच उतरला असं नाही. उलट दोन रात्री स्वप्नांनी पिडलं. मॅडमनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं. आणखी दोन बैठकांत नवाचा दोन झाला. शून्य काही झाला नाही. मोत्या गेलाय, तेवढं दुखणारच.

घरी येऊन मी या प्रकाराची माहिती काढली, कारागिराला मशीन उघडल्याशिवाय चैन पडत नाही. फ्रान्सिन शापिरो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईला १९८७ मध्ये बागेत फिरताना जाणवलं, की डोळे इकडेतिकडे हलले की त्रासदायक विचारांची धार कमी होतेय. १९८९ मध्ये तिनं पहिला अभ्यास छापला. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आघातानंतरच्या त्रासासाठी सुचवलेल्या उपचारांत हा प्रकार घेतला. मला सगळ्यात पटलेलं स्पष्टीकरण असं: मनाचं कामाचं टेबल लहान असतं. तिथे जुनं चित्र मांडून वर बोटांचा पाठलागही करायचा, तर जागा पुरत नाही. चित्र फिकं पडतं आणि फिकं झालेलंच परत कपाटात जातं. काही संशोधकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते डोळ्यांचं नाव उगाच, गुण येतो तो प्रसंगाला सुरक्षितपणे सामोरं गेल्यामुळे. असेलही. मला एवढं माहीत आहे, की त्याआधी दोन वर्षं मी त्या जिन्यापर्यंत पोचलो नव्हतो.

आणि कृपा करून मोबाइलवर हलणारा ठिपका लावून घरच्या घरी हा उद्योग करू नका. ओली मोटर आठवा.

एक गोष्ट मात्र घरी करतो, मॅडमनीच शिकवलेली. दोन्ही हात छातीवर आडवे, बोटं खांद्याखाली, आणि आळीपाळीनं हलकं थोपटायचं. फुलपाखराची मिठी म्हणतात. मेक्सिकोत अकापुल्कोला १९९७ मध्ये पॉलीन चक्रीवादळ आलं, त्यातून वाचलेल्या मुलांसोबत काम करताना ही निघाली. वाचल्यावर वाटलं, तिकडेही पाणीच. आई हे बघून हसायची, मग एक दिवस तिनंच विचारलं, कसं करायचं ते दाखव. दाखवलं. थोपटता थोपटता म्हणाली, "मोत्याला दूधभात आवडायचा, नाही?"

मग आम्ही बराच वेळ त्याच्याबद्दल बोलत बसलो.

साखळी पडवीत खिळ्याला आहे. परवा रात्री पाऊस लागला होता, मी उशिरापर्यंत एका सबमर्सिबलची कॉइल भरत होतो. शेजारची टाकी वाहायला लागली. मी आतूनच ओरडलो, "अहो, टाकी भरली, पंप बंद करा!" आणि वेढे कुठपर्यंत मोजले होते तेच विसरलो. पुन्हा एकपासून मोजले.