डिलाईटच्या बिडिंगच्या शोधात: नाना पेठ ते चोरबाजार

रंगाचा शेवटचा हात बसला, गाडी चार चाकांवर उभी राहिली, तरी ती डिलाईट वाटेना. १९६७ ची फियाट अकराशे डिलाईट, बाबांची. इंजिन बांधून झालं होतं, सडलेला पत्रा कापून नवा जोडला होता, वायरिंग नवं घातलं होतं. राहिलं होतं ते लोक ज्याला वरवरचं म्हणतात ते सगळं: डाव्या दरवाजांवरच्या बिडिंगच्या म्हणजे शोभेच्या चमकत्या पट्ट्या, डिकीवरचं मोनोग्राम म्हणजे नावाची ओतीव अक्षरं, एक व्हील कप म्हणजे चाकाच्या मधलं झाकण, मागच्या दरवाजाचं बाहेरचं हँडल, काच खालीवर करायची दोन हँडलं आणि पुढच्या काचेच्या रबरात बसणारी चमकती पट्टी. यंत्राचा भाग कुठे ना कुठे मिळतो, नाहीतर लेथवर करून घेता येतो. या वस्तू लेथवर होत नाहीत. आणि गाडी लांबून ओळखू येते ती यांच्यामुळेच, म्हणून इथे तडजोड करायची नाही, असं मी आणि आमच्या मिस्त्रींनी पहिल्यापासून ठरवलं होतं. पुण्यातून सुरुवात करून मुंबई पालथी घातली, त्याचा हा वृत्तांत, अशीच अर्धवट सजलेली फियाट ज्यांच्या शेडमध्ये उभी आहे त्यांच्यासाठी.

निघण्याआधी अभ्यास करायचा तो सालाचा. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी नावं बदलत अनेक दशकं बाहेर पडत राहिली. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी 'डुक्कर फियाट' आधीची. डिलाईट १९६४ पासूनची. १९७२ मध्ये तिची प्रेसिडेंट झाली, १९७४ मध्ये पद्मिनी, आणि पद्मिनी २००० च्या आसपासपर्यंत बनत होती. डिलाईटपासून पुढे बॉडीचा सांगाडा जवळजवळ तोच राहिला. त्यामुळे काचा, काचेची रबरं, दरवाजाच्या आतली यंत्रणा यांत पद्मिनीचा माल बहुतेक वेळा चालून जातो. जाळी, मोनोग्राम, मागचे दिवे, बंपर हे मात्र बदलत गेले. दुकानात जाऊन नुसतं 'फियाटचं द्या' म्हटलं की समोर पद्मिनीचंच येतं, कारण दुकानदाराकडे मुख्यतः तेच उरलेलं असतं. त्यात त्याची लबाडी नसते. आपल्याला काय हवं आहे हे आपल्यालाच नेमकं सांगता यायला हवं.

त्यासाठी मी जे सोबत नेलं त्याचा उपयोग पावलोपावली झाला, म्हणून सविस्तर लिहिते. पहिली गोष्ट मापाचे कागद. ज्या दरवाजावर पट्टी नाही तिथल्या भोकांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासायचं. भोकं उमटतात. मग प्रत्येक भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजून मिलिमीटरमध्ये त्याच कागदावर लिहायचं, आणि गाडीच्या तोंडाची बाजू कुठली ते बाणाने दाखवायचं. दरवाजाची पट्टी आणि मडगार्डची पट्टी हातात घेतल्यावर सारखीच वाटतात, पण टोकांचा काप वेगळा असतो. डावी आणि उजवीही एक नसते. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका, फोटोत माप कळत नाही. दुसरी गोष्ट जुन्या रबराचा दोन बोटं लांबीचा तुकडा, ब्लेडने सरळ कापलेला, म्हणजे त्याचा आडवा छेद दिसतो. तिसरी गोष्ट लोहचुंबक. बंपर लोखंडी, त्याला तो चिकटतो. मोनोग्राम, हँडल असल्या ओतीव वस्तू जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. त्यांना तो चिकटत नाही आणि आकाराच्या मानाने त्या जड लागतात. हातात घेताच हलकं वाटलं आणि चुंबकही लागला नाही, तर ते अॅल्युमिनियम किंवा प्लॅस्टिक. हा फरक पुढे क्रोमच्या कारखान्यात फार महत्त्वाचा ठरतो. काच खालीवर करायच्या हँडलसाठी दांड्याचं माप आणि खाचांची ठेवण लिहून न्या. शेवटची गोष्ट आटे. फियाट मूळची इटलीची, तिचे आटे मेट्रिक. अँबेसेडर मूळची इंग्रजी मॉरिस, तिच्या जुन्या मालाचे आटे इंचाचे. बाजारात दोन्हीच्या बोल्टांची एकाच डब्यात सरमिसळ असते आणि जबरदस्तीने आवळलेला इंचाचा बोल्ट ओतीव वस्तूचा कान तोडतो.

पुण्यात नाना पेठेत रबरांचं काम झालं. रबर फुटावर मिळतं. नमुन्याचा तुकडा काउंटरवर ठेवला की दुकानदार छेद जुळवून पाहतो, उगाच चर्चा होत नाही. दरवाजांची रबरं, डिकीचं रबर, काचेखालची फेल्टची पट्टी इथेच घ्या, त्यासाठी मुंबईला जायचं कारण नाही. घेताना रबर बोटांत दुमडून बघा. दुमडलेल्या जागी बारीक भेगा दिसल्या तर तो माल रॅकवर पडून वाळलेला आहे. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे गाडीचा माल नशिबावर. मला व्हील कप मिळाला, पोचा आलेला पण मूळचा. पोचा आतल्या बाजूने लाकडी हातोडीने हळूहळू निघतो, त्याला घाबरायचं कारण नाही. कडेचे पकडणारे ओठ शाबूत आहेत का तेवढं पाहा. ते मोडले असतील तर कप पहिल्याच खड्ड्यात उडून जातो.

मुंबईला सिंहगड एक्सप्रेसने दादर, तिथून लोकलने चर्नी रोड. ऑपेरा हाउसच्या आसपासची स्पेअर पार्टची दुकानं नव्या, पाकीटबंद मालाची. रविवार टाळा. इथे जुन्या दुकानात एक प्रश्न मुद्दाम विचारायचा: 'पुराना स्टॉक कुछ पडा है क्या?' कधीकाळी मागवलेला आणि विकला न गेलेला माल माळ्यावर असू शकतो, आणि तो शोधायचा तर दुकानदाराला गर्दी नसलेली वेळ लागते. सकाळी शटर उघडल्या उघडल्या किंवा दुपारच्या जेवणानंतर जा. काच फिरवायची हँडलं मला इथे मिळाली, पद्मिनीची म्हणून ठेवलेली, दांड्यावर बरोबर बसणारी.

चोरबाजार ग्रँट रोडहून चालत गाठता येतो. शुक्रवारी नेहमीची दुकानं बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावर जुमा बाजार मांडला जातो. गाडीच्या मालासाठी मी इतर दिवस सुचवेन, कारण आपल्याला दुकानामागचं गोदाम हवं असतं, फुटपाथ नव्हे. मोनोग्रामची चौकशी केली तेव्हा एका चाचांनी लगेच सांगितलं, 'पद्मिनी का ले जाओ बेटी, सब में वही लगता है.' मी कागद उलगडला, त्यांच्या हातातली वस्तू त्यावर ठेवली. पिना आणि भोकं जुळली नाहीत. चाचांनी कागद उजेडात धरून पाहिला, माझी मापं वाचली, आणि म्हणाले, 'ऐसा पहले बोलना था ना.' मग मुलाला माळ्यावर पाठवून पोतं खाली काढायला लावलं. त्या पोत्यातून जे निघालं ते डिलाईटचंच होतं: काळवंडलेलं, एक पिन तुटलेली, पण अक्षरांच्या कडा धारदार. शेजारच्या गाळ्यात तेच मोनोग्राम नवंकोरं, चमकणारं होतं, आणि अक्षरं गोल झालेली, फुगीर. जुन्यावरून साचा घेऊन केलेल्या डुप्लिकेट मालात कडा अशाच मरतात.

माझं मत इथे अगदी ठाम आहे. मूळची वस्तू वाकडी, काळी, तुटकी असली तरी तीच घ्या. तुटकी वस्तू दुरुस्त होते, चुकीचा आकार दुरुस्त होत नाही. तुटलेल्या पिनेच्या जागी बारीक भोक पाडून पितळेची पिन एपॉक्सीने बसवली की काम पक्कं होतं. झाळ, म्हणजे तापवून दिलेला सांधा, मात्र देऊ नका. जस्त फार कमी तापमानाला वितळतं आणि अक्षराचं पाणी होतं.

भाव लिहीत नाही, कारण या मालाला ठरलेला भाव नसतो. ज्या एका वस्तूसाठी आलात ती पहिल्याने विचारू नका, दोन-तीन गोष्टी एकत्र काढून मगच बोला. आणि पावती मागा. चांगला दुकानदार चिठ्ठीवर का होईना लिहून देतो. नसेल देत, तर तो माल कुठून आला याचा विचार करून बाजूला व्हा. कुणाच्या तरी उभ्या गाडीवरून उचकटलेलं मोनोग्राम आपल्या गाडीवर नको.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेले ती टॅक्सींच्या मालासाठी. जवळच प्रीमियर रोड हे नाव अजून आहे, कारखाना मात्र नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी वर्षानुवर्षं तोडल्या जात होत्या, तोवर दरवाजाची हँडलं, कुलपं, काचा यांचा पुरवठा चालू होता. टॅक्सीच्या २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्यानंतर नवा माल येण्याची ही वाट बंद झाली आहे. गोदामांत आहे तेवढंच आहे. म्हणून ज्यांना पद्मिनीचा चालणारा माल लागणार आहे त्यांनी थांबू नये. मागच्या दरवाजाचं हँडल मला इथेच मिळालं. हँडल घेताना बटण दाबून स्प्रिंग परत येते का ते बघा, आणि बुडाची रबरी गादी असेल तर मागून घ्या, ती पत्र्याचा रंग वाचवते.

आता क्रोमबद्दल. सगळ्यात जास्त जुना माल मरतो तो इथे. चांगल्या कामाचा क्रम असा: जुना थर उतरवणं, पोचे काढणं, घासणं, तांब्याचा थर, पुन्हा घासणं, निकेल, आणि शेवटी क्रोम. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो, एका मायक्रॉनहूनही कमी. गंज अडवतं ते खालचं निकेल. म्हणून 'चमक येईल का' हे न विचारता 'तांबं देणार का, आणि निकेल किती वेळ ठेवणार' हे विचारा. तांबं गाळून थेट निकेल चढवलेला बंपर दुकानात सुंदर दिसतो आणि एका पावसाळ्यानंतर त्यावर तांबूस ठिपके उगवतात. ओतीव जस्ताच्या वस्तू वेगळ्या पिशवीत, वर ठळक लिहून द्या. लोखंडाबरोबर त्या तीव्र आम्लात गेल्या तर खाल्ल्या जातात आणि परत येतं ते छिद्रांनी भरलेलं काहीतरी. देण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो आणि संख्या लिहून त्यावर सही घ्या. क्लिपा, स्क्रू, वायसर देऊच नका. आणि बंपर मुंबईहून आणायचा झाला तर तो गाडीच्या रुंदीएवढा, पाच फुटांच्या आसपास असतो. लोकलमध्ये ते जमत नाही. जुन्या चादरीत गुंडाळून टेम्पोने पाठवा.

बसवताना घाई करू नका. भोकांच्या कडांना प्रायमर आणि रंगाचा हात द्या, क्लिपखाली रबराचा वायसर घाला, पट्टीच्या वर आणि खाली कागदी टेप लावून मगच दाबा. पुढच्या काचेच्या रबरातली पट्टी दोघांनी मिळून, साबणाचं पाणी लावून, कोपऱ्यापासून नव्हे तर मधून सुरू करून बसवायची.

इटलीतून माल मागवायचा विचार बरेच जण करतात. दिव्यांच्या काचांसाठी तो योग्य आहे. पण तिथली गाडी डाव्या स्टिअरिंगची, त्यामुळे डॅशबोर्ड आणि वायपरच्या आसपासचं काही मागवू नका. किमतीत पाठवणी आणि कस्टम धरूनच हिशेब करा.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाड्यांना आता 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज क्रमांक घेता येतो. डिलाईट त्या वयात आल्या आहेत, आमचीही. अर्ज करण्याआधी तिच्या डाव्या मागच्या दरवाजाची पट्टी मला हवी आहे. ती अजून मिळालेली नाही. पुढचा फेरा चेन्नईच्या पुदुपेटला. तिथे जुन्या गाड्या सुट्या करण्याचा मोठा धंदा आहे. मापाचा कागद तयार आहे. कुणाकडे ही पट्टी जास्तीची पडली असेल, तर अदलाबदलीसाठी माझ्याकडे पद्मिनीच्या पुढच्या दरवाजाच्या हँडलांचा जोड आहे, स्प्रिंगसकट चालू.