‘कझिन’ हा अपुरा शब्द

आजच्या ऑनलाइन इंग्रजी वर्गात चीनमधल्या छंतू (चेंगडू) शहरातील एका विद्यार्थिनीने ‘माय सिस्टर’ असे लिहिले आणि पुढच्याच ओळीत आपण एकुलत्या एक असल्याचे सांगितले. ती सख्खी नव्हे, तर मामेबहीण होती. चीनमध्ये एकच मूल होऊ देण्याचे धोरण 2015 अखेरपर्यंत लागू होते, त्यामुळे शहरांत वाढलेल्या अनेकांना भावंडे म्हणून चुलत-मावस नातीच ठाऊक आहेत, आणि त्यांना हाक मात्र ताई-दादाच्या चालीवर मारली जाते.

चिनी भाषेत काकांच्या मुलांसाठी ‘थांग’ आणि आत्या, मामा, मावशी यांच्या मुलांसाठी ‘बियाओ’ असे उपपद लागते. त्यापुढे ती व्यक्ती बोलणाऱ्यापेक्षा वयाने मोठी की लहान, पुरुष की स्त्री हेही सांगावे लागत असल्याने एकूण आठ शब्द होतात. आपल्या मराठीत चुलत, आते, मामे, मावस हा भेद अधिक बारीक आहे, परंतु वय मात्र कळत नाही. इंग्रजीच्या ‘कझिन’मध्ये यांपैकी काहीच नसते.

खरी अडचण त्यापुढच्या वाक्यात येते. ‘कझिन’वरून न कळलेले लिंग इंग्रजीत ‘ही’ किंवा ‘शी’ने उघड होते, आणि चिनी बोलीत दोन्हींचा उच्चार ‘था’ असाच असल्यामुळे नेमके तिथेच विद्यार्थी अडखळतात. त्या विद्यार्थिनीच्या निबंधातही मामेबहिणीचे लग्न झाल्यावर ती एकदम ‘ही’ झाली होती. म्हणून पहिल्याच वाक्यात ‘माय ओल्डर कझिन’ म्हणून लगेच नाव घालावे, असे मी तिला सुचवले.