मला काय धाड भरलीय!

मामा आणि मामेभाऊ गाडीवरून पडले तेव्हा सगळी गर्दी मामेभावाभोवती जमली. साहजिकच होतं. त्याचं कोपर सोलवटलं होतं, गुडघा फुटून पँट रक्तानं भिजली होती आणि तो मोठमोठ्यानं विव्हळत होता. मामा मात्र कडेला बसून पायजम्याची धूळ झटकत होते. "मला काय धाड भरलीय? त्या पोराकडं बघा आधी!" कानाच्या वर केसांत टेंगूळ, त्यातून थोडं रक्त, बस्स.

जुन्नरला नात्यातल्या मुलीची हळद उरकून आम्ही दोन गाड्यांवर नारायणगावकडे निघालो होतो. कुत्रं आडवं आलं. मामेभावाच्या डोक्यावर हेल्मेट होतं, मागे बसलेल्या मामांच्या डोक्यावर गांधी टोपी. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागच्यालाही हेल्मेट घालायला सांगतं, पण आमच्याकडं मागे बसणारा म्हणजे पाहुणा, त्याला कोण हेल्मेट देतो!

मी चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. कायद्यानं कारखान्यात प्रथमोपचार पेटी ठेवावी लागते आणि ती सांभाळायला शिकलेला माणूस लागतो. आमच्या विभागात तो मी. एरवी कापलेलं बोट नाहीतर डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, यापलीकडे काम पडत नाही. पण त्या प्रशिक्षणात एक गोष्ट घोकून घेतली होती : जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, आधी गप्प बसलेल्याकडं जा. शिवाय मामांची अँजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ करायची गोळी रोज चालू. म्हणून मी आधी त्यांच्याकडं गेलो.

त्याआधी दोन पोरांना मोबाइलचे टॉर्च लावून दोन्ही बाजूंना लांब उभं केलं. अंधार पडत होता, वळणाचा रस्ता, मागून येणाऱ्या गाडीनं आम्हालाच उडवलं असतं.

मामांना आहे तिथं आडवं केलं. मान, पाठ एका रेषेत राहील अशा बेतानं, दोघांनी धरून. मग मी त्यांच्या डोक्याशी गुडघे टेकले आणि दोन्ही तळव्यांनी डोकं दोन्हीकडून धरून ठेवलं. कोपरं स्वतःच्या मांड्यांवर टेकवायची, नाहीतर पाच मिनिटांत हात थरथरायला लागतात. डोक्याला जोराचा मार असला की मानेलाही असू शकतो, हे गृहीत धरायचं. बोलणाऱ्याला समोर उभं राहून बोलायला सांगितलं, बाजूनं हाक मारली की माणूस मान वळवतोच.

१०८ला फोन लावून एकानं स्पीकरवर धरला. पलीकडून विचारतात ते सरळ असतं : गाव कोणतं, जवळची खूण काय, जखमी किती, शुद्धीवर आहेत का, श्वास नीट आहे का. मी "बोलतायत, पण डोक्याला मार आहे आणि रक्त पातळ करायची गोळी घेतात" एवढं सांगितलं. दरम्यान एका जीपवाल्यानं "उचला, टाका मागं, दहा मिनिटांत पोचवतो" म्हणून दार उघडलंसुद्धा. भला माणूस. पण हातपाय धरून मुटकुळं करून जीपमध्ये कोंबण्यापेक्षा ॲम्ब्युलन्सची वाट बघणं बरं होतं, कारण श्वास चालू होता आणि रक्त थांबवता येत होतं.

रक्ताचं म्हणाल तर डोक्याची कातडी फार रक्त गाळते, बघूनच माणूस गळाठतो. स्वच्छ उपरणं घडी करून मामेबहिणीला तळहातानं सपाट दाबून धरायला लावलं. बोटानं चाचपायचं नाही, हाड आत दबलेलं वाटलं तर तिथं दाबायचंच नाही. कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं काही येतंय का, तेही बघितलं. आलं असतं तर बोळा कोंबायचा नव्हता, वाहू द्यायचं.

तोवर वस्तीवरून एक मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, कुणी हळद आणली, कुणी चहापूड. एकानं कांदाही फोडून आणला हुंगवायला. मावशींना म्हटलं, "पाणी नको, उलटी झाली तर श्वासनळीत जाईल. कदाचित ऑपरेशनही लागेल." त्या रागावल्या नाहीत, पण "तहानलेल्याला पाणी नाही म्हणणारा पहिलाच बघितला" असं पुटपुटल्या.

मामा बोलत होते, पण काय बोलत होते ते ऐकायला हवं होतं. "गाडी कोण चालवत होतं?" मी सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा, "गाडी कोण चालवत होतं?" मी विचारलं, "मामा, आज हळद कुणाची होती?" ते विचारात पडले आणि म्हणाले, "हळद? कसली हळद?" मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं आपण होऊन सांगितलं, की पडल्यावर मामा क्षणभर निपचित होते, मग उठून बसले. ही माहिती सोन्यासारखी. बेशुद्ध झालेल्याला स्वतः बेशुद्ध झालो होतो हे बऱ्याचदा माहीतच नसतं.

मग उलटी झाली. तोंड वाकडं व्हायला लागलं तेव्हाच ओळखलं. डोकं माझ्या हातात, एक जण खांद्याशी, एक कमरेशी, एक पायांशी. "मी तीन म्हटलं की एकदम." एक, दोन, तीन, आणि ओंडका फिरवावा तसं सगळं अंग एकदम कुशीवर वळवलं. सगळं बाहेर पडलं, रुमाल बोटाला गुंडाळून दिसत होतं तेवढं पुसून काढलं. तसंच कुशीवर ठेवलं. मामेबहिणीनं बॉलपेननं हातावर वेळ लिहिली : पडले तेव्हाची, उलटीची.

मामेभाऊ हेल्मेट ओढून काढायला बघत होता. त्याला बसवून ठेवलं. श्वास अडत नसेल तर हेल्मेटला घाई करायची नाही. दवाखान्यात नंतर दोघांनी मिळून काढलं, एकानं खालून मान धरली, दुसऱ्यानं हळूहळू सरकवलं.

टेम्पोवाला पोलिसांच्या लफड्याला घाबरून निघायच्या बेतात होता. २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय, मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, नाव सांगायची सक्ती नाही. हे सांगितलं तेव्हा तो थांबला आणि शेवटी स्ट्रेचर उचलायलाही हात लावला.

ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांनी मानेला कॉलर लावली, ऑक्सिजन दिला, टॉर्चनं डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या बघितल्या. एक मोठी एक लहान असेल तर आतला दाब वाढतोय. मामांच्या सारख्या होत्या. सरकारी दवाखान्यात नोंद झाली 'जीसीएस १४' अशी. शुद्ध किती आहे ते मोजायचे हे गुण : डोळे उघडणं, बोलणं आणि हातपाय हलवणं यांची ही बेरीज, पूर्ण शुद्धीत १५, कमीत कमी ३. मामांचा एक गुण गेला तो गोंधळलेल्या बोलण्यात. डॉक्टरांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मामेबहिणीच्या हातावर होती, फक्त गोळीचं नाव नव्हतं. मामीला फोन केला, तिनं गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. तो बघून डॉक्टर म्हणाले, "आत्ताच्या आत्ता सीटी स्कॅन." एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद तिथंच झाली. पुढे विम्याला, पोलिसांना, सगळ्यांना तोच नंबर लागतो, त्याचा फोटो काढून ठेवावा.

सीटीत कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्ताचा पातळ थर दिसला. न्यूरोसर्जननी फिल्म दाखवून समजावलं : कवटी बंद डबा, रक्त साचलं की जागा मेंदूलाच सोडावी लागते. धमनीतून रक्त आलं तर चांगला बोलणारा माणूसही काही तासांत कोसळतो. मामांचं शिरेतून झिरपलेलं, हळू चालणारं. ऑपरेशन न करता लक्ष ठेवायचं ठरलं, गोळी डॉक्टरांनी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सीटी.

ती रात्र अतिदक्षता विभागाच्या बाहेर काढली. नातेवाईक सारखे सांगत होते, "झोपू देऊ नका त्यांना." सिस्टर म्हणाल्या, "झोपू द्या की, आम्ही उठवतो." त्या ठरावीक वेळानं उठवायच्या, नाव विचारायच्या, बोट दाबायला लावायच्या, बाहुल्या बघायच्या आणि तक्त्यावर लिहायच्या. पहाटेच्या वेळी मामांनी चिडून सांगितलं, "तेच नाव आहे अजून, बदललं नाही." ऐकून बरं वाटलं.

थर वाढला नाही. घरी सोडताना दिलेल्या कागदावर परत कधी यायचं ते होतं : डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, गुंगी आली, एका बाजूचा हातपाय लुळा वाटला, फिट आली. डॉक्टरांनी तोंडी आणखी एक सांगितलं, वयस्क माणसात काही आठवड्यांनीही रक्त साचतं, चालताना तोल जायला लागला किंवा वागणं बदललं तरी या. मामीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "वागणं बदललं हे कसं कळायचं? चिडके ते आधीपासूनच आहेत."

काही आठवड्यांनी पुन्हा काढलेल्या सीटीत थर विरलेला दिसला आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारून गोळी परत चालू झाली. वास मात्र गेला. मटणाचा रस्सा समोर आला तरी मामांना कळत नाही. नाकातून मेंदूकडे जाणारे वासाचे बारीक तंतू धक्क्यानं तुटतात, काहींचा वास महिन्यांनी येतो, काहींचा येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. गॅस गळला तरी यांना समजणार नाही, म्हणून मामींनी स्वयंपाकघरात गॅसचा अलार्म बसवून घेतलाय, आणि मामा त्याच्या खर्चावरून अजून कुरकुरतायत.