नावं उलटी टाकलीस का रे?

१४ जुलै २०१९, रविवार. लंडनमध्ये एकाच संध्याकाळी दोन अंतिम सामने: लॉर्ड्सवर क्रिकेट विश्वचषकाचा, विम्बल्डनला फेडरर-जोकोविचचा. क्रीडा डेस्कवरचे सगळे क्रिकेटला चिकटलेले, म्हणून टेनिस माझ्या गळ्यात.

आपल्याकडे रात्री अकराच्या सुमारास, पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ ने पुढे, सर्व्हिस त्याचीच, ४०-१५. म्हणजे दोन चॅम्पियनशिप पॉइंट, एक जरी घेतला तरी विजेतेपद. मी शहाणपणा करून कारकिर्दीची चौकट आधीच भरली: फेडरर, ग्रँड स्लॅम २१, विम्बल्डन ९. पहिल्या पॉइंटला त्याचा फोरहँड बाहेर गेला, दुसऱ्याला जोकोविचने पासिंग शॉट मारला. पुढे १२-१२, आणि त्याच वर्षी आलेल्या नियमाने टायब्रेकर, म्हणजे सेटचा निकाल लावणारा शेवटचा गेम. चार तास ५७ मिनिटांनी जोकोविच जिंकला. मी २१ चे २० केले, ९ चे ८. जोकोविचच्या रकान्यात १६ आणि ५.

मग सामन्याची आकडेवारी आली. बिनतोड सर्व्हिस: फेडरर २५, जोकोविच १०. विजयी फटके ९४ आणि ५४. सर्व्हिस भेदली ७ वेळा आणि ३ वेळा. एकूण गुण २१८ आणि २०४. पान सरांकडे गेलं आणि लगेच हाक आली.

"नावं उलटी टाकलीस का रे? झोप आलीय?"

"नाही सर, बरोबर आहेत."

"चौदा गुण जास्त घेऊन हरला?"

मी सेट दाखवले, जोकोविचचे गेम आधी: ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२. दुसरा सेट फेडररने चोपून काढला, पण सेट शेवटी एकच. तिन्ही टायब्रेकर मात्र जोकोविचचे, ७-५, ७-४, ७-३. सर काही बोलले नाहीत. पेन्सिल घेऊन एकेक आकडा एजन्सीच्या कॉपीशी ताडत बसले. मला थोडा रागच आला.

तेवढ्यात शेजारी आरडाओरडा. लॉर्ड्सवर २४१-२४१ अशी बरोबरी झाली होतीच, आता सुपर ओव्हरही १५-१५. चौकार-षटकार जास्त, २६ विरुद्ध १७, म्हणून विश्वचषक इंग्लंडला. सरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे तिकडे चौकार मोजून कप दिला, आणि इकडे गुण मोजायला कुणी तयार नाही!"

पान सुटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डेस्कचा फोन वाजला, सरांनीच उचलला. टेनिसच्या चौकटीत नावं उलटी छापलीत, हल्ली कुणी तपासत नाही का, असं पलीकडचे गृहस्थ विचारत होते. सर दहा मिनिटं त्यांना १-६ चा सेट समजावत होते.