पोट बिघडलं की ठोके चुकतात

आज बाबांचा होल्टरचा (दिवसभर हृदयाचे ठोके नोंदवणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट दाखवायला नागपुरातल्या धंतोलीला गेलो होतो. छातीला वायरी, कमरेला मशीन लावून चोवीस तास काढले त्यांनी. सोबत वहीही लिहायची असते. बाबांच्या अक्षरात होतं, "रात्री ९.४० जेवण. १०.१५ आडवा झालो. १०.३० धडधड. ढेकर आल्यावर बरं." डॉक्टरांनी रिपोर्टात नेमकी तीच वेळ काढून दाखवली. मध्येच जादा ठोके, मग किंचित थांबा, पुन्हा सुरळीत.

कागदावर चित्र काढून त्यांनी समजावलं. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या कर्णिकेच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या, अगदी मागून जाते. व्हेगस नावाची नस हृदयालाही जाते आणि पोटालाही. पोट गच्च फुगलं की श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, वर ढकललं जातं, नस चाळवते आणि काहींचे ठोके चुकतात. लुडविग रोमहेल्ड या जर्मन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे मांडलं होतं!

पण मित्रहो, छातीत काही झालं की "गॅसच असेल" म्हणून ओवा चावत बसतात ना, त्याची मला खरंच भीती वाटते. बाबांचंही आधी ईसीजी, इको, थायरॉइड, पोटॅशियम सगळं पाहिलं, मगच डॉक्टर पोटाकडे वळले. धडधडीसोबत चक्कर, घाम, दम किंवा छातीत दुखत असेल तर घरी थांबूच नका.

सावजीचं झणझणीत जेवण पूर्ण बंद नाही, पण रात्री उशिरा नको, गच्च पोटभर नको, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. आईने आज साडेसातलाच ताटं वाढली. बाबा कुरकुरले, पण जेवले.